बजेटमधला हेडफोन: डेसिबलचा आकडा राहू द्या, आधी कानावर बसतो का ते बघा

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारा हेडफोन कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की सोबत दोन-तीन मॉडेलचे स्क्रीनशॉट हमखास येतात. एकावर आवाज ३५ डेसिबलने दाबतो असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ५०. मग पुढचा प्रश्न ठरलेला: पन्नासवालाच चांगला ना? माझं म्हणणं असं की बजेटमधला हेडफोन घेताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. सगळ्यात आधी बघायचं ते हे, की तो तुमच्या कानावर कुठेही फट न ठेवता बसतो का.

हे का म्हणतोय ते समजायला आत काय चालतं ते थोडं बघू. हेडफोनवरचा बारीक माईक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. दोन लहरी एकमेकींवर आल्या की दोन्ही विरतात. कल्पना बरीच जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत संगीत धड ऐकू येईना, म्हणून बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी विमानातच त्याचं गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. तेव्हा ज्याला स्वतंत्र, महागडं सर्किट लागायचं ते काम आता बऱ्याच हेडफोनमध्ये ब्लूटूथची चिपच उरकते. म्हणून कमी पैशांतही आज खरोखर कामाचा हेडफोन मिळतो. स्वस्त म्हणजे नावापुरतं कॅन्सलिंग, हा समज आता जुना झाला.

पण हे तंत्र सगळ्या आवाजांवर सारखं चालत नाही. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० लहरींच्या घुमणाऱ्या आवाजाची एक लहर पुरी व्हायला १० मिलिसेकंद लागतात. चिपला तेवढी उसंत भरपूर होते. ५००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ०.२ मिलिसेकंदात संपते. जराही उशीर झाला तर उलटी लहर चुकीच्या जागी पडते आणि आवाज विरायच्या ऐवजी वाढूही शकतो. त्यामुळे इंजिनाची घरघर, पंखा, एसीची भणभण, चाकांचा गडगडाट हे आवाज छान दबतात. साधारण १००० हर्ट्झच्या वर मात्र हे तंत्र थकतं. भांड्याचा खणखणाट, कीबोर्डची खटखट, लहान मुलाचं किंचाळणं, बोलण्यातले स, श, च हे सगळं अडवायचं काम कानाभोवतीची गादी करते. फोम आणि घट्ट बसणं, बस्स.

खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा ज्या एखाद्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जास्त आवाज दबतो तिथला असतो. तुमच्या कानाला दिवसभर जे ऐकू येणार आहे त्याची ती सरासरी नव्हे. तो मोजतातही गादी नीट टेकलेली असताना. कानामागे बारीकशी फट राहिली तरी खालचे घुमणारे आवाज तिथूनच आत शिरतात, म्हणजे हे तंत्र जिथे सर्वात जास्त उपयोगी पडतं नेमका तिथेच मार बसतो.

चष्मा लावणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच. हेडफोन घाला, नॉइज कॅन्सलिंग चालू करा, गाणं लावू नका आणि पंख्याजवळ किंवा एसीजवळ उभे राहा. आता चष्म्याची काडी जिथे गादीखालून जाते तिथे बाहेरून बोटाने हलकेच दाबा. घरघर एकदम खाली गेली तर समजा की तिथे फट आहे. मऊ, जाड फोम असेल तर तो काडीभोवती स्वतःला मुडपून घेतो आणि दाबलं काय, न दाबलं काय, फारसा फरक पडत नाही. कडक, पातळ गादी काडीवर नुसती टेकून राहते. मग तोंड उघडा, जांभई दिल्यासारखं करा, मान हलवा. दर वेळी आवाज आत-बाहेर होत असेल तर तो हेडफोन तुमच्या डोक्याचा नाही, कितीही कौतुक वाचलं असलं तरी. लांब केस आणि कानातले दागिने यांचंही हेच. रोज जे घालता ते घालूनच बघा.

इअरबड्स घेणार असाल तर खोक्यातल्या सगळ्या मापाच्या टिप्स लावून बघा. बहुतेक जण मधलं माप लावलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी साधी गोष्ट आहे. ज्या बड्सना सिलिकॉनची टिप नसतेच, नुसते कानाच्या तोंडाशी अडकतात, त्यांच्यात नॉइज कॅन्सलिंग असलं तरी त्यावर फार भरवसा ठेवू नका.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. स्वस्त मॉडेल्सवर ठळक अक्षरांत ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलिंग) छापलेलं असतं आणि लोक ते एएनसी, म्हणजे आपण आत्तापर्यंत बघितलेलं ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, समजून घेतात. ईएनसी तुमच्या माईकसाठी असतं. कॉलवर समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानात येणारा आवाज त्याने तसूभरही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण शांतता हवी म्हणून पैसे मोजणाऱ्याला हा फरक ठळकपणे सांगायलाच हवा. विकत घेण्याआधी वर्णनात एएनसी हे शब्द आहेत का ते वाचा. हायब्रिड लिहिलं असेल तर माईक बाहेरही आहे आणि आतही. आतला माईक कानात प्रत्यक्ष काय पोचलं ते ऐकून दुरुस्ती करतो, म्हणून निवड असेल तर मी हायब्रिडच घेतो.

वजनाच्या बाबतीत तर बजेटवाले उलट पुढे जातात. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे. ॲपलचे कितीतरी महाग एअरपॉड्स मॅक्स ३८० ग्रॅमच्या वर जातात. रोज तासन्‌तास डोक्यावर ठेवायच्या वस्तूत हा फरक मला आवाजाच्या बारीक गुणवत्तेपेक्षा मोठा वाटतो. हेडफोन दोन मिनिटं घालून बघू नका, निदान वीस मिनिटं घाला. टाळूवर टोचणं, कान तापणं हे तेव्हाच कळतं. काहींना नॉइज कॅन्सलिंग चालू होताच कानात दडे बसल्यासारखं वाटतं. अशांनी कमी-जास्त करायची सोय असलेलं मॉडेल घ्यावं.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवू नका. लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकदम जोडता येणं रोजच्या कामात उपयोगी पडतं, ते बघा. बॅटरीचा मोठा आकडा बहुतेकदा एएनसी बंद ठेवून काढलेला असतो, चालूचा शोधा. ब्लूटूथवरून आवाज जास्त बारकाव्यांसह पाठवणारा एलडॅकसारखा कोडेक असला तर उत्तम, नसला तर गर्दीत ऐकताना काही अडत नाही. वायर लावून वापरायचा असेल तर वायरवर एएनसी चालतं का आणि माईक चालतो का, हे मात्र विचारून घ्या.

मी या विषयावर इतका आग्रहाने बोलतो त्याचं कारण आवाजाची पातळी. बाहेर गोंगाट असला की आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत जातो, आणि कानाला झालेली इजा सहसा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. घरघर दबली की तेच गाणं, तेच लेक्चर बऱ्याच कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतं. बजेटमधल्या हेडफोननेही हे साधतं. रस्त्यावर चालताना मात्र एएनसी बंद ठेवा किंवा बाहेरचं ऐकू येणारा मोड लावा. मागून येणाऱ्या गाडीची घरघर हे तंत्र इमानेइतबारे दाबतं, तीच तुम्हाला ऐकू यायला हवी असते.

आणि एक बघून ठेवा. गादीवरचं कृत्रिम चामडं रोजच्या घामाने सोलवटतं, फोम बसतो आणि नॉइज कॅन्सलिंग हळूहळू उतरत जातं. लोकांना वाटतं, मशीन बिघडलं. खरं तर गाद्या बदलल्या की बहुतेकदा पहिल्यासारखं चालतं. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का ते शोधा. मिळत नसतील तर मी तो हेडफोन घेत नाही.