विहीणबाईंचा जॉन

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही मॅसॅच्युसेट्सला आलो. बायको डिंकाचे लाडू वळायची, मी खिडकीतून बर्फ बघायचो. असा रिकामा माणूस विहीणबाईंनी बरोबर हेरला. त्यांचं आडनाव क्लार्क, म्हणजे मूळचे कारकूनच. मीही 31 वर्षं दुय्यम निबंधक कचेरीत कारकुनी केलेली. मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं चाळता चाळता टक्कल पडलेलं. त्यांना 1700 सालच्या आसपासचा आपला एक पूर्वज, जॉन क्लार्क, शोधून हवा होता. म्हटलं, चहापर्यंत काढून देतो.

याला सहा आठवडे झाले.

इथल्या एसेक्स परगण्यात जॉन क्लार्कांचं नुसतं पेव फुटलेलं. त्यात एकच माणूस आडनाव चार तऱ्हांनी लिहिणार: शेवटी ई लावून, न लावून, मध्ये ए घालून, ई घालून. मी वहीत देवनागरीत उतरवलं, तर चारही क्लार्कच! विहीणबाईंना सुचवलं, लिपी बदला, निम्मे पूर्वज जागच्या जागी एक होतील. मग एक 'सीनियर' आणि एक 'ज्युनियर' सापडले. बापलेक मिळाले म्हणून आम्ही खूश. नंतर कळलं, गावात एकाच नावाचे दोघे असले की वयानं मोठा तो सीनियर. नातं असायलाच हवं असं नाही. आमच्या आळीत थोरला बंडू आणि धाकटा बंडू होते, तसंच.

चर्चच्या वहीत तर वेगळंच. लग्न एप्रिल 1716, मुलाचा बाप्तिस्मा जानेवारी 1716! विहीणबाईंचा चेहरा पडला. पडणारच. लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं, तर तिथल्या कित्येक चर्चांत नवराबायकोला भर सभेत पाप कबूल करावं लागे, तेव्हा कुठे पोराच्या डोक्यावर पाणी पडे. काही पाद्र्यांच्या मते रविवारी जन्मलेलं मूल रविवारीच राहिलेलं असणार, सबब बाप्तिस्मा नाही. सडबरीच्या लोरिंग पाद्रीबाबांच्या स्वतःच्या घरी रविवारी जुळं झालं आणि त्यांचा हट्ट गळाला, असं सांगतात.

इथे मात्र माझी कारकुनी कामाला आली. 1752 पर्यंत इंग्रजांच्या अमलात कायद्याचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. "अहो, तुमचाही पाडवा मार्चात! एप्रिलनंतरचा जानेवारी त्याच सालात येतो. मोजा बोटं." त्यांनी मोजली. नऊ भरले. त्या दिवशी त्यांनी दोन लाडू खाल्ले.

मृत्युपत्रं मात्र वाचावीत तर यांची. 'देवाच्या नावे, आमेन' म्हणून जो सुरू होतो, तो थेट पिसांच्या गादीवर उतरतो. पितळी हंडा कुणाला, कुऱ्हाड कुणाला. विधवेला एक खोली, अर्धं तळघर, विहिरीची वाट, एक गाय, आणि थोरल्यानं दर वर्षी सरपण फोडून तिच्या दारात टाकायचं. हे इतकं बारकाईनं लिहावं लागलं, त्यावरून थोरला कसा असेल ते मी ओळखलं. कचेरीत असे पुष्कळ थोरले पाहिलेत.

मालमत्तेच्या यादीत मात्र एका ठिकाणी गाय आणि हंडा यांच्यामध्ये, किंमत टाकून, एक माणूस आला. गुलाम. नुसतं पहिलं नाव. त्या दुपारी आम्ही पुढे वाचलं नाही. त्याचे वंशज शोधायला बसले, तर त्यांच्या हाती बहुधा एवढी एकच ओळ लागेल.

खरा घात केला नात्यांनी. जॉननं ज्या 'कझिन'ला कुरण दिलं, तो पुतण्या निघाला. 'मदर-इन-लॉ'ला गाय दिली, म्हणून आम्ही तीन आठवडे त्याची सासू धुंडाळली. ती सावत्र आई! त्या काळी सासरचंही 'इन-लॉ' आणि सावत्रही 'इन-लॉ'. एवढं मोठं राज्य केलं यांनी, पण साडूला एक शब्द काढता आला नाही.

आमची निघायची वेळ आली, तेव्हा विहीणबाईंनी प्रेमानं वंशवृक्षात माझंही नाव घातलं. नातं काय लिहू, म्हणाल्या. व्याही, मी म्हटलं. इंग्रजीत? इंग्रजीत नाहीये. त्यांनी जरा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इन-लॉ'.

तीनशे वर्षांनी कुणीतरी रिकामा माणूस मला त्यांचा सावत्र बाप ठरवणार.