मुद्दाम वाईट खेळा म्हणे!

‘सगळ्या राउंडांची सरासरी काढा, पार वजा करा, झाला हँडिकॅप! स्पर्धेआधी तीन-चार राउंड मुद्दाम वाईट खेळा, हँडिकॅप वाढेल, बक्षीस तुमचंच!’ असा एक फॉरवर्ड पुण्यातल्या गोल्फवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके, आणि हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट.) मी सोडूनही दिला असता, पण आमचे औंधचे काका रिटायर झाल्यावर हौसेनं येरवड्याला खेळायला लागलेत, आणि त्यांनी तो वाचून वहीत गणितं मांडली.

काकांची कार्डं, म्हणजे राउंडांचे एकूण फटके, तीन: 95, 98, 102. सरासरी 98.3, पार 72, म्हणून हँडिकॅप 26! अहो काका, यात कोर्स किती अवघड हे कुठे आलं? 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे, इंडियन गोल्फ युनियनही तीच वापरते. स्कोअरमधून कोर्स रेटिंग (अव्वल खेळाडूला त्या कोर्सवर लागणारे फटके) वजा करायचं, 113 नं गुणायचं, स्लोपनं (साध्या खेळाडूला तो कोर्स त्या मानानं किती जड जातो, तो आकडा) भागायचं. उदाहरणापुरतं रेटिंग 70.8, स्लोप 125 धरू. 95 चे आले 21.9. तीनच कार्डं असली की त्यातलं सर्वांत कमी घेऊन आणखी 2 वजा करतात. म्हणजे 19.9, हाच हँडिकॅप इंडेक्स. कुठे 26, कुठे हे!

आता ती ‘वाईट खेळा’ची अक्कल. वीस कार्डं झाली की शेवटच्या विसांतली उत्तम आठच धरतात. तुमची मुद्दाम घाण केलेली कार्डं बाकीच्या बारांत जाऊन पडणार! जुनं चांगलं कार्ड विसाबाहेर गेलं तर इंडेक्स चढतो, एवढं कबूल. पण वर्षातल्या नीचांकापेक्षा 3 नं वर गेला की पुढची वाढ निम्मीच, आणि 5 च्या वर चढूच देत नाहीत. शिवाय स्पर्धेत आपल्या इंडेक्सपेक्षा एकदम 7 नं चांगलं खेळलात की इंडेक्स आपोआप 1 नं कापतात, 10 नं खेळलात तर 2 नं. आणि कार्डावर सही करणारा जोडीदार काय आंधळा असतो? ही सरळ लबाडी आहे.

ग्रुपवरचं ‘पुरुषांना 24 च्या वर हँडिकॅप नाही’ हेही जुनंच. आता कमाल 54, बायका-पुरुष सगळ्यांना. एखाद्या स्पर्धेची मर्यादा वेगळी असू शकते, तो त्यांचा प्रश्न.

‘मारलेला प्रत्येक फटका धरा’ तर साफ चूक. काकांनी 102 च्या राउंडला एका पार 4 वर दोन बॉल पाण्यात घालून 12 केले होते. हँडिकॅप नसलेल्याला एका होलवर पारपेक्षा जास्तीत जास्त 5 धरतात, म्हणजे 12 चे 9, आणि 102 चे 99. 19.9 मात्र त्यानं हलत नाही, तो 95 वरून आलाय.