‘पंचविशीनंतर गिटारला हात लावू नका’ असं सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला निरनिराळ्या ग्रुपांवरून सात-आठ वेळा आला. मी नांदेडला गिटार शिकवतो, म्हणून लोक मुद्दाम पाठवतात. मजकुराचा सांगावा असा की पंचविशी उलटलेल्यानं गिटारच्या नादी लागू नये. कारणं पाच दिली आहेत. लहानपणी हात बसला नाही तर पुढं बोटं वळत नाहीत. बोटं लांबसडक लागतात. पहिले सहा महिने बोटांतून रक्त येतं, ते सोसेल त्यानंच शिकावं. वीस हजारांच्या आतली गिटार म्हणजे खेळणं. आणि गिटार हे आपलं वाद्य नव्हे, भजनाला-भावगीताला ती चालत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी हे वाचून क्लास सोडला. वय 38. तीन आठवड्यांत त्यांचा ई मायनर हा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गट, स्वच्छ वाजत होता. त्यांनी सोडलं याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

आधी वयाचं बघू. लहानपणीच येते अशी एक गोष्ट खरंच आहे. सूर कानावर पडताच, दुसरा कुठलाही सूर न ऐकता, त्याचं नाव सांगता येणं. ती शक्ती मोठेपणी सहसा येत नाही. पण गिटार वाजवायला ती लागत नाही, आणि जगातल्या बहुतेक वादकांकडं ती नसते. लागतो तो ताल, आणि दोन कॉर्डमध्ये हात न अडखळता हलणं. तालाच्या बाबतीत आपल्याकडची मोठी माणसं लेकरांच्या पुढं असतात. ज्यानं गावच्या सप्ताहात उभं राहून टाळ वाजवलाय, त्याला केरव्याच्या आठ मात्रा मला शिकवाव्या लागत नाहीत. आठ मात्रांना हात आठ वेळा खाली-वर गेला की स्ट्रमिंगचा पाया तयार. कॉर्ड बदलणं मात्र सगळ्यांनाच जड जातं, दहा वर्षांच्या पोरालाही. त्यावर मी एक करायला लावतो. मोबाईलवर एक मिनिट लावायचं, ई मायनर आणि ए मायनर आलटून पालटून धरायचे आणि बदल मोजायचे. मिनिटाला तीसच्या आसपास बदल जमू लागले की संथ गाणं हाताशी येतं. रोज वीस मिनिटं बसणाऱ्याला ते जमतं, मग तो आठवीत असो की पेन्शनीत.

बोटांच्या लांबीवर फार लिहायची गरज नाही. नावाजलेला गिटारवादक जँगो राइनहार्ट याचा डावा हात 1928 च्या आगीत भाजला, दोन बोटं जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं जे सोलो वाजवले ते आजही वादक बसून शिकतात. हात खरंच लहान असेल तर साधा उपाय आहे. साधारण 65 सेंटिमीटर तारेच्या गिटारवर पहिलं घर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात, त्यांच्या मधली जागा म्हणजे घर) सुमारे 36 मिलिमीटर रुंद असतं, पाचवं 29. चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की तेच कॉर्ड तुम्ही या अरुंद घरांत धरता.

आता रक्ताचा मुद्दा. यावर मला जरा थांबायचंय, कारण याच मुद्द्यापायी सगळ्यात जास्त माणसं गिटार सोडतात, आणि त्यांतला एक मीही होतो.

मी सत्ताविसाव्या वर्षी पहिली गिटार घेतली. दुकानदारानं खोक्यातून काढून दिली, मी घरी आणली. दोन महिने रोज बसलो. बोटांना चिरा पडल्या, एफ कॉर्डचा एकही सूर निघाला नाही, आणि आपल्या हातात ही विद्याच नाही असं धरून मी ती माळ्यावर टाकली. दोन वर्षं ती तिथं होती. पुढं एका जाणत्या माणसानं ती हातात घेतली, बाराव्या फ्रेटपाशी स्टीलची पट्टी उभी केली आणि मला दाखवली. तार आणि फ्रेट यांत चार मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर होतं. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथं जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास पुरतं. या अंतराला अ‍ॅक्शन म्हणतात. मी दोन महिने एका चुकीच्या लावलेल्या वाद्याशी झुंजत होतो आणि दोष माझ्या बोटांना देत होतो.

म्हणून कुणी येऊन “सर, बोटं लई दुखूलालेत” म्हणालं की मी आधी गिटार बघतो, बोटं नंतर. अ‍ॅक्शन जास्त असेल तर ब्रिजमधली (तारा गिटारच्या पोटावर जिथं अडकवतात तिथली) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासून कमी करतात. सॅडल एक मिलिमीटर घासलं तर बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरतो, त्यामुळं थोडं थोडं घासून पुन्हा मोजावं. दुसरी जागा नटची, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी राहते बघा. कागद सरकेल एवढी फट ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि एफ कॉर्ड कुणालाही जमणार नाही. नटचं काम मात्र घरी करू नका. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते.

मग तारा. साध्या स्टीलच्या 12 नंबरच्या सेटचा (नंबर जितका लहान तितक्या तारा बारीक) एकूण ताण 70 किलोच्या वर जातो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो 40 किलोच्या आसपास असतो. स्टीलच्या गिटारवर 10 नंबरचा सेट टाकला तरी हाताला फरक कळतो. (नायलॉनची गिटार वेगळी बनते, तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या तर ब्रिज उखडतो. हे नुकसान मी अनेकदा पाहिलंय.) शिवाय बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागं ठेवलं तर निम्म्या जोरात सूर निघतो. घराच्या मधोमध दाबणारा विनाकारण ताकद घालवतो.

दुखतं, हे मी नाकारत नाही. सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतात आणि दोन-चार आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते. पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी असं बसलं तर रक्त यायचं काही कारण नाही. रक्त आलं तर दोन दिवस गिटार ठेवून द्या. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तरीही थांबा. तो सोसायचा त्रास नव्हे. हाताची ठेवण चुकल्याची ती खूण असते.

किमतीबद्दल. महागाच्या अनेक गिटारींना अखंड लाकूड असतं, स्वस्ताच्या बहुतेक प्लायच्या. आवाजात फरक आहेच. पण लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि आपला एप्रिल-मे त्याच्या जवळपासही जात नाही. पत्र्याच्या खोलीत अखंड लाकूड सुकतं, आकसतं, फ्रेटची टोकं कडेनं बोचू लागतात, कधी पुढच्या फळीला तडा जातो. प्लाय हा हवेचा मार जास्त सोसतो. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात नवशिक्यानं पहिली गिटार प्लायची घेतली तर मी त्याला शहाणा म्हणेन. फक्त सेटअप करून घ्या, आणि उरलेल्या पैशातून जाड अस्तराची बॅग घ्या. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवून ती बॅगेत टाका. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका आणि उन्हातल्या गाडीत तर अजिबात नको, तिथं ब्रिजचा डिंक मऊ पडतो.

राहिलं ‘आपलं वाद्य नव्हे’. बृजभूषण काबरा गिटारवर राग वाजवत आणि विश्वमोहन भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं, ही नावं सगळे घेतात. पण ते दोघं गिटार आडवी ठेवून, तारेवर पट्टी सरकवून वाजवणारे. नवशिक्याच्या हातातली गिटार तशी वाजत नाही. मला दाखला द्यावासा वाटतो तो पेटीचा. हार्मोनियम 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. आकाशवाणीनं तिच्यावर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी ठेवली होती, आपल्या सुरांना ती पेलत नाही म्हणून. आज मराठवाड्यात पेटीवाचून भजनी मंडळ दाखवा. आणि पेटीची जी अडचण तीच गिटारची, जी सोय तीच गिटारची, कारण दोघींचं सप्तक बारा सुरांत वाटलेलं. पेटीची एक पट्टी म्हणजे गिटारचं एक घर.

म्हणूनच भजनातल्या माणसाला गिटार परकी वाटत नाही. जाड तारेकडून बारीक तारेकडं मोकळ्या तारा पेटीच्या पट्ट्यांत मोजा: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. मंडळाची पेटी जुनी, थोडी उतरलेली असली तर ट्यूनर बाजूला ठेवा आणि तिच्यावरूनच तारा लावा. गाणं काळी एकमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी, एफ, जीचे हात धरा. काळी दोन असेल तर कॅपो तिसऱ्यावर, किंवा पहिल्यावर लावून डी, जी, एचे हात. एफ अजून जमत नाही त्यांना हा दुसरा मार्ग सोपा पडतो. मींड आणि गमकीचे राग या गिटारवर नीट उतरत नाहीत, हे मान्य. अभंगाला साथ करायला त्याची गरज नाही.

त्या बाईंच्या घरी परवा गेलो होतो. त्यांच्या गिटारची अ‍ॅक्शन मोजली, साडेतीन भरली. सॅडल काढून सोबत आणलंय. उद्या घासून परत बसवून देतो. त्यांच्या सासूबाई पेटी वाजवतात, काळी दोनमध्ये गातात. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावायचा, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.