विशेष शाळेचा पट असा वाचत नाहीत

अमेरिकेतल्या एखाद्या लहान सार्वजनिक विशेष प्राथमिक शाळेच्या, म्हणजे अपंग मुलांसाठीच्या स्वतंत्र शाळेच्या, माहितीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यातल्या चार आकड्यांना लाल गोल करायचे आणि खाली मजकूर जोडायचा, असा एक संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. शाळा दर वेळी वेगळी असते, सार मात्र तेच: ‘मुलं मोजकी, आणि तीही कमी होत चालली आहेत. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे करदात्यांच्या पैशांची उधळण. पटावर मुलगे, गरीब घरची मुलं आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त, म्हणजे नकोशी मुलं आणून टाकायची ही जागा. परीक्षेचे निकाल तर दाखवायलाही नाहीत. अशा शाळा बंद करा, आणि निदान आपलं मूल तरी तिथे घालू नका.’

मी अशाच एका शाळेत शिकवते. ज्यांच्या मुलाची आयईपीची, म्हणजे त्याच्यासाठी आखायच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची, बैठक तोंडावर आली आहे अशा आईवडिलांपर्यंत हा संदेश पोचतो आणि ते हादरून जातात, म्हणून हे उत्तर. स्क्रीनशॉटमधले आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. पण नेहमीच्या शाळेचे आकडे जसे वाचतात तसेच ते वाचले जातात, आणि सगळा घोळ तिथे होतो.

पहिला आरोप पटाचा. नेहमीच्या प्राथमिक शाळेचा पट आसपासच्या वस्तीत किती मुलं राहतात यावर ठरतो. विशेष शाळेला अशी ठरलेली वस्ती नसते. तिथलं प्रत्येक मूल आयईपी टीमच्या निर्णयाने येतं, आणि त्या टीममध्ये पालक, शिक्षक आणि डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा, प्रतिनिधी बसलेले असतात. आयडिया हा अपंग मुलांच्या शिक्षणाचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा सांगतो की नेहमीच्या वर्गात लागेल ती मदत पुरवूनही मुलाचं शिक्षण समाधानकारकपणे होऊ शकत नसेल, तरच त्याला तिथून हलवायचं. या नियमाचा परिणाम देशाच्या आकडेवारीत स्पष्ट दिसतो. २०२२-२३ मध्ये ३ ते २१ वर्षांच्या सुमारे ७५ लाख मुलांना या कायद्याखाली विशेष शिक्षण मिळत होतं, म्हणजे सार्वजनिक शाळांतल्या एकूण मुलांपैकी सुमारे १५ टक्के. यातल्या शालेय वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलं दिवसाचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ नेहमीच्या वर्गात असतात. स्वतंत्र विशेष शाळेत जाणारी मुलं शंभरात जेमतेम दोन-तीन. तेव्हा विशेष शाळेचा पट लहान असणं ही कायदा पाळला जात असल्याची खूण आहे. पट भराभर फुगत असता तर मला काळजी वाटली असती.

पट कमी होण्याचंही तसंच. आमच्याकडचं मूल दोन वर्षांनी घराजवळच्या शाळेत परत गेलं, तर आम्ही त्या दिवशी आनंदाने नाचतो, आणि तेच मूल संदेशात ‘घट’ म्हणून येतं. एखाद्या डिस्ट्रिक्टने नेहमीच्या शाळांमध्येच ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वर्ग उघडले तरी हेच होतं. शिवाय पटाचा आकडा १ ऑक्टोबरच्या सुमाराच्या एका दिवसाचा असतो. आमच्याकडे तर वर्षभर मुलं येत असतात, कारण मूल्यमापन आणि बैठका काही शाळा सुरू होण्याच्या तारखेला धरून होत नाहीत. काही ठिकाणी मूल अर्धा दिवस विशेष शाळेत येतं, पण त्याची मोजणी मूळ शाळेच्या पटावर होते. आणि ४८ मुलांच्या शाळेतून चार जण गेले तरी आठ टक्क्यांची ‘घसरण’ लिहिता येते, हे कुणीही कागदावर करून पाहावं.

आता शिक्षकांचं प्रमाण. फेडरल आकडेवारीत हे प्रमाण पटाला पूर्णवेळाच्या हिशेबाने मोजलेल्या शिक्षकांच्या संख्येने भागून काढतात. पॅरा म्हणजे वर्गातले मदतनीस, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नर्स, यांतलं कुणीही त्यात धरलेलं नसतं. म्हणजे मोठी माणसं त्या आकड्यात दिसतात त्याहून बरीच जास्त आहेत, हे मी मोकळेपणाने सांगते. ती का लागतात तेही सांगते. चालता न येणाऱ्या मुलाला व्हीलचेअरमधून स्टँडरमध्ये, म्हणजे आधार देऊन उभं ठेवणाऱ्या चौकटीत, उभं करायला दोन माणसं लागतात, आणि ती दोघं असताना उरलेला वर्ग कुणीतरी सांभाळावा लागतो. पोटातल्या नळीतून खाणं देताना घाई करून चालत नाही. फिट आली की घड्याळ बघत औषध देणारं प्रशिक्षित माणूस हाताशी असावं लागतं. संधी मिळताच दाराबाहेर धावत सुटणारं मूल वर्गात असेल, तर एक जण कायम दाराच्या आणि त्याच्या मध्ये असतो. यात उधळण नेमकी कुठली काढायची?

ही प्रमाणं शाळेच्या लहरीवर नसतात, राज्याच्या नियमांत लिहिलेली असतात. न्यूयॉर्क राज्यात वर्गांची नावंच तशी आहेत. ८:१:१ म्हणजे जास्तीत जास्त आठ मुलं, एक शिक्षक, एक पॅरा. अनेक अक्षमता एकत्र असलेल्या मुलांसाठी १२:१:४, म्हणजे बारा मुलं, एक शिक्षक आणि चार मोठी माणसं. माहितीच्या पानावर मात्र हा वर्ग ‘बारामागे एक’ असाच दिसेल, चार जणांचं राबणं त्यात कुठेच येणार नाही.

शाळा बंद केली की पैसे वाचतील, हेही खरं नाही. मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण देण्याची डिस्ट्रिक्टची जबाबदारी शाळेच्या इमारतीबरोबर संपत नाही. सार्वजनिक व्यवस्था ते देऊ शकली नाही आणि पालकांनी योग्य अशा खासगी शाळेत मूल घातलं, तर तिचा खर्च डिस्ट्रिक्टकडून भरून मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या बर्लिंग्टन आणि १९९३ च्या कार्टर खटल्यात सांगून ठेवलं आहे. पैशांवरून रागवायचंच असेल तर त्याला एक योग्य जागा आहे. या शिक्षणासाठी दर मुलामागच्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलू असं फेडरल सरकारने १९७५ मध्ये ठरवलं, आणि आजवर एकाही वर्षी तेवढा दिला नाही. उरलेला भार राज्यांवर आणि डिस्ट्रिक्टवर पडत आला आहे.

खर्च खरोखर वाचवला जात होता तो १९७५ च्या आधी. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी आयडियाच्या ज्या मूळ कायद्यावर सही केली, त्यातच काँग्रेसने नोंदवलं आहे की दहा लाख अपंग मुलं सार्वजनिक शाळांच्या पूर्ण बाहेर आहेत. शिक्षक नाहीत, पॅरा नाहीत, पट शून्य. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट पाहावा.

पटावर मुलगे जास्त असतात याचं उत्तर लांबलचक नाही. देशभरात शालेय वयाच्या मुलग्यांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १० टक्के विशेष शिक्षण घेतात. अशा शाळांत ऑटिझम असलेल्या मुलांचा वाटा मोठा असतो, आणि सीडीसी या फेडरल आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम आढळला, त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या तिपटीहून जास्त. यात खरा प्रश्न आहे तो मुलींचा. गप्प राहणाऱ्या, मागच्या बाकावर कुणाला त्रास न देणाऱ्या मुलीची अडचण उशिरा ओळखली जाते. संदेश लिहिणाऱ्याला तो सुचलेला नाही.

वंशाचा मुद्दा मात्र मला झटकून टाकायचा नाही. कृष्णवर्णीय मुलांना चुकीची लेबलं लावून वेगळ्या वर्गांत बसवलं गेलं, हा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातल्या लॅरी पी. खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयासमोर हेच आलं. राज्याच्या एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे १० टक्के होती, आणि सौम्य बौद्धिक अक्षमतेच्या म्हणून चालवल्या जाणाऱ्या वर्गांत सुमारे २५ टक्के. बुद्ध्यंकाच्या ज्या चाचण्यांच्या जोरावर हे होत होतं, त्या या कामासाठी वापरायला न्यायालयाने बंदी घातली. २००४ मध्ये सुधारलेल्या आयडिया कायद्याने प्रत्येक राज्याला असं असमान प्रमाण तपासायला लावलं, आणि २०१६ मध्ये त्याचे नियम आणखी कडक झाले. प्रमाण फारच असमान निघालं, तर डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणाच्या फेडरल निधीतले १५ टक्के मुलांना वेळेवर आधार देण्यासाठी बाजूला काढावे लागतात. हा प्रश्न अजून संपलेला नाही.

पण एका लहान शाळेचं पान पाहून त्याचा निवाडा होत नाही. पन्नास मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे दोन टक्के. दोन भावंडं दुसऱ्या गावाहून राहायला आली तरी आलेख चार टक्क्यांनी हलतो. तुलना करायची तर ती देशाच्या सरासरीशी करून काही कळत नाही. त्याच डिस्ट्रिक्टमधल्या, त्याच प्रकारची अक्षमता असलेल्या मुलांशी करावी लागते, आणि प्रकार वेगळे करून पाहावे लागतात. ‘भावनिक अडचण’ हा प्रकार शिक्षकांच्या मतावर बराच अवलंबून असतो. तिथे पूर्वग्रह शिरायला जागा आहे, आणि मी स्वतः तिथे आधी संशय घेते. सेरेब्रल पाल्सीचं तसं नसतं. ऑटिझमची तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सीडीसीच्या २०२० च्या पाहणीत पहिल्यांदाच असं दिसलं की कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमधलं नोंदलेलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. यामागचं एक मोठं कारण म्हणजे आधी ज्यांच्यापर्यंत तपासणी पोचतच नव्हती, त्यांच्यापर्यंत ती पोचायला लागली. त्याच पाहणीत ऑटिझम असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना बौद्धिक अक्षमताही होती. गोऱ्या मुलांत हे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी होतं. जास्त आधार लागणारी मुलं कुठल्या घरांतून येतात, याचा विशेष शाळेच्या पटावर परिणाम होणारच.

आणि अन्याय झाला असेल तर तो मूल आमच्या दारात येण्याआधी झालेला असतो. नेहमीच्या शाळेत कुणाला ‘वाचायला वेळ द्या’ म्हटलं गेलं आणि कुणाचं नाव लगेच मूल्यमापनाला पाठवलं गेलं, ते तिथे तपासायला हवं. विशेष शाळा बंद करून त्याला हातही लागत नाही. राहिलं ‘टाकलेली मुलं’ हे शब्द. ज्यांनी ते लिहिले त्यांनी रोज सकाळी बसमधून मूल उतरवून घेणाऱ्या पॅराच्या शेजारी उभं राहून ते म्हणून दाखवावेत.

गरिबीचा आकडा मोफत जेवणावरून काढतात. २०१० च्या कायद्यातून आलेल्या सीईपी योजनेत, ठरावीक प्रमाणात गरजू मुलं असलेल्या शाळेत सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं, घरचं उत्पन्न विचारलं जात नाही. सहभागासाठीचं हे प्रमाण २०२३ मध्ये ४० वरून २५ टक्क्यांवर आणलं. अशा शाळांपुढे काही ठिकाणी सरळ ‘१०० टक्के’ लिहिलं जातं. त्यावरून कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते सांगता येत नाही.

‘निकालच नाहीत’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. सक्तीच्या वार्षिक चाचण्या तिसरी ते आठवीच्या मुलांना असतात. प्राथमिक शाळेतली किंडरगार्टन, पहिली, दुसरीची मुलं त्यात नसतातच. अत्यंत तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी पर्यायी चाचणी असते, आणि राज्यात प्रत्येक विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण मुलांपैकी १ टक्क्यापेक्षा जास्त मुलांना ती देऊ नये अशी २०१५ च्या कायद्याची मर्यादा आहे. तिसरीत सहाच मुलं असतील तर त्यांचे निकाल जाहीर केले की कुणाला किती मिळाले ते सगळ्यांना कळेल, म्हणून ते झाकले जातात. पानावरची ती रिकामी जागा मुलांच्या खासगीपणासाठी सोडलेली असते.

आमचा निकाल आयईपीच्या ध्येयांत असतो आणि तो ठरलेल्या काळाने पालकांना लेखी जातो. भूक लागली की डोकं आपटणारं मूल टॅबवरच्या चित्राला बोट लावून ‘खायचं’ म्हणू लागतं. त्याला सहा महिने लागतात, दीड वर्षही लागतं. त्यासाठी रोज किती वेळा, कुणाच्या मदतीने, कुठल्या वेळी जमलं याची नोंद ठेवली जाते. ते चित्र एकदा जमलं की दुसरं लावायचं, मग दोन चित्रांचं वाक्य. हे शिकवणं नसेल तर शिकवणं कशाला म्हणायचं? अशा मुलांकडून नाममात्र प्रगतीची अपेक्षा पुरेशी आहे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या एन्ड्रू एफ. खटल्यात एकमताने फेटाळलं. मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन योग्य अशी प्रगती व्हायला हवी आणि त्याच्यापुढचं ध्येय पुरेसं मोठं हवं, असं न्यायालयाने म्हटलं. एखाद्या शाळेवर खरोखर टीका करायची असेल तर ती याच कसोटीवर करा. तीन वर्षं तेच ध्येय, तेच शब्द नव्या तारखेने लिहिलेले दिसले, तर मीही तुमच्या बाजूने उभी राहीन.

शेवटी ‘आपलं मूल तिथे घालू नका’. सर्व मुलांनी एकत्र शिकावं असं मानणाऱ्यांचा मी आदर करते, आणि पुष्कळ मुलांसाठी त्यांचं म्हणणं बरोबरच असतं. पण एका मुलाचा हा निर्णय स्क्रीनशॉट पाहून घेता येत नाही. शाळा पाहायला जा. गेल्या काही वर्षांत इथून किती मुलं नेहमीच्या शाळेत परत गेली ते विचारा. वर्गात शिक्षक धरून किती मोठी माणसं असतात, नर्स रोज पूर्णवेळ असते का, स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळ आणि वर्गात की वर्गाबाहेर, दिवसभरात अक्षमता नसलेल्या मुलांबरोबर किती वेळ जातो, तेही विचारा. पुढच्या वर्षीच्या बैठकीपर्यंत थांबायची गरज नसते, आयईपीचा फेरविचार पालक कधीही मागू शकतात. डिस्ट्रिक्टने मुलाची जागा बदलायचं ठरवलं तर तसं कारणांसह लेखी कळवावं लागतं, आणि तुम्ही रीतसर तक्रार दाखल करून सुनावणी मागितली तर तिचा निकाल लागेपर्यंत मूल सहसा आहे त्याच शाळेत राहतं.