तोंडावर बोट

गणिताच्या मास्तराला निसर्गसहलीला कशाला नेतात, हे मला कर्नाळा अभयारण्याच्या फाटकावर कळलं. मोजायला! आत नेण्याच्या प्लास्टिकची तिथे नोंद होते, अनामत भरावी लागते आणि परतताना तितक्याच वस्तू दाखवाव्या लागतात. मुलं 52, प्लास्टिक 71. एका माउलीने चिवडा, चकली आणि शंकरपाळ्यांच्या वेगवेगळ्या पिशव्या दिल्या होत्या. पोरगं जणू काशीला निघालं होतं.

माहिती सांगायला आलेला दादा कुजबुजत बोलायचा. "इथे दीडशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत. शांत राहिलात तर दिसतील. राहणार ना?"

"हो दादाऽऽ!"

दीडशे जातींनी बहुधा तेव्हाच पनवेलचा रस्ता धरला. पहिल्या तासाची वहीतली नोंद अशी: कावळे 3, कोंबडी 1 (फाटकाबाहेरची).

कोळी मात्र दिसला. दोन झाडांमध्ये भलंमोठं जाळं आणि मधोमध तळहाताएवढी मादी. नर कुठाय म्हणून विचारलं, तर दादाने कडेला एक ठिपका दाखवला. तो ठिपका जीव मुठीत धरून बसला होता. मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनमध्ये मीही साधारण तसाच बसतो.

पुढे ओढ्याशी शीळ ऐकू आली. संथ, रेंगाळणारी, ना सूर ना ताल. अभ्यास सोडून उंडारणारं कार्टं घालतं, अगदी तश्शी.

"कोण रे तो?"

शांतता. पुन्हा शीळ.

माझ्या वर्गात शिट्टी शेवटच्या बाकावरूनच येते आणि शेवटच्या बाकावर कोण बसतं हेही मला ठाऊक आहे. पुराव्याची गरज नव्हती. "ये इकडे. त्या झाडाखाली उभा राहा. तोंडावर बोट!"

"सर, आईशप्पथ मी नाही..."

"बोट!"

दहा मिनिटांनी डोकी मोजली. चारचारच्या तेरा ओळी व्हायला हव्यात, तेरावीत तिघंच. पुन्हा मोजली. तिघंच. घशाला कोरड पडली. कोणाचं पोर हरवलं? आईबापांना काय सांगू? वर्तमानपत्रात माझा कुठला फोटो येईल, इथवर मी पोचलो आणि मग लख्ख आठवलं.

धावत मागे गेलो. पठ्ठ्या तिथेच होता, तोंडावर बोट, दगडासारखा स्तब्ध. त्याच्यापासून दोन हातांवर, ओल्या खडकावर, काळानिळा पक्षी. कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा रंग. त्याने चोच उघडली.

तीच शीळ.

पोराने फक्त डोळे माझ्याकडे वळवले. त्या नजरेला मी आजही उत्तर देऊ शकलेलो नाही.

"शीळकरी कस्तूर," मागून धापा टाकत आलेला दादा पुटपुटला. "पावसाळाभर ऐकतो हो याला, पण इतक्या जवळून..."

इतक्यात माझा फोन खणाणला. मुख्याध्यापिकाबाई. अख्ख्या जंगलात रेंज नेमकी त्याच झाडाखाली होती. कस्तूर भुर्रकन उडाला.

"सर, आता बोट काढू?"

फाटकावर मुलं 52 भरली, प्लास्टिक 72. जास्त भरलं तर काय करायचं हे वहीवाल्यालाही माहीत नव्हतं.

बस हायवेला लागली आणि शेवटच्या सीटवरून एक संथ, रेंगाळणारी शीळ आली. मी गर्रकन वळलो.

52 चेहरे, 52 बोटं खिडकीकडे.

"सर, कस्तूर!"