मागचे पाय लटपटले म्हणजे सर्राच, असं नाही

नाशिकच्या टांगेवाल्यांच्या आणि वरातीच्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : घोडा मागून लटपटला की सर्रा (रक्तातल्या जंतूंमुळे होणारा रोग) समजा, तपासणी नको, इंजेक्शन द्या. हे चुकीचं आहे, घातकही. घोडमाशी चावून पसरणाऱ्या सर्रात लटपट दिसते हे खरं. पण मानेत मज्जारज्जू दबला, हर्पिस विषाणूची लागण झाली किंवा रेबीज झाला, तरी चाल अशीच बिघडते. म्हणून डॉक्टर घोड्याला लहान गोलात फिरवतात, मागे सरकवतात, चालताना शेपूट बाजूला ओढून बघतात. निरोगी घोडा लगेच तोल सावरतो. मग रक्त तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर एकदा जंतू दिसले नाहीत, तरी सर्रा नाहीच असं म्हणता येत नाही. आणि कृपा करून, घशात घास अडकलाय असं वाटलं तरी अशा घोड्याच्या तोंडात हात घालू नका. त्याला रेबीजही असू शकतो.