दसऱ्याला हार, वर्षभर कुरकुर

मागच्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीपाशी एक मुलगा सायकल धरून उभा दिसला. सायकल काळीभोर, कार्बनची. चाकंसुद्धा कार्बनची. मागचं चाक बसलेलं आणि हा पठ्ठ्या मोबाइलवर कॅब शोधत होता.

"ट्यूब आहे का?" आहे. "पंप?" तोही आहे. टायर लिव्हर सीटखालच्या पिशवीत, वेष्टनसुद्धा न फोडलेल्या. "मग अडलंय कुठे?" तर म्हणे, "ताई, मागचं चाक काढायची भीती वाटते. गिअर बिघडले तर?"

चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणायची, डिरेलर (चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मागे ओढायचा, चाक आपोआप खाली येतं. त्याला दाखवलं. मग टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं, तेव्हा नखाएवढी बारीक तार टोचली. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या असल्या तारा रस्त्यावर पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. ती तशीच ठेवून नवी ट्यूब टाकली असती तर नांदेड फाट्याच्या आत पुन्हा बसली असती. पंधरा मिनिटांत पोरगा मार्गी लागला. जाताना खूश होता, पण हात पुसायला रुमाल मागत होता, एवढंच मला खटकलं.

तर आजची पोस्ट या रुमालाबद्दल. पुण्यात रोड बाइक घेऊन फिरणारी माणसं गेल्या दहा वर्षांत भरपूर वाढली, फार छान झालं. पण सायकलवर लाख-दीड लाख खर्च करायचे, दोनशे ग्रॅम कमी व्हावेत म्हणून वेगळी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, मागवायची, आणि चेनला शेवटचं फडकं कधी लावलं विचारलं तर सर्व्हिसिंगची तारीख सांगायची, याला मी अर्धा छंद म्हणते. उरलेला अर्धा घरी, पार्किंगमध्ये, गोणपाटावर बसून करायचा असतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालतो ना आपण सायकलला? फोटो टाकतो. अहो, त्या हाराखालची चेन कुरकुरतेय, ते फोटोत ऐकू येत नाही.

माझे बाबा पिंपरीला एका कंपनीत फिटर होते. त्यांची काळी दांड्याची सायकल दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी गोणपाटावर उलटी व्हायची. रॉकेलच्या वाटीत छर्रे. ते मोजायचं काम माझं. मागच्या चाकाचे एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. एकदा आठच भरले आणि नववा कपाटाखाली सापडेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. बाबांच्या पिढीला यात काही छंद वगैरे वाटत नव्हता. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला पोचायचं होतं.

आणि मी? मी त्याच फिटरची मुलगी, पण माझी पहिली रोड बाइक दोन वर्षं जशीच्या तशी दामटली. आठवड्याला दीडशे किलोमीटर, पावसाळ्यातही. चेनवर निळ्या डब्यातला स्प्रे मारायचा, झालं काम. (तो स्प्रे गंजलेला नट सोडवायला उत्तम. चेनच्या आतलं उरलंसुरलं तेलही तो तितकंच उत्तम धुऊन काढतो.) मग एका जाणकाराने चेन संपल्याचं सांगितलं. मी नवी चेन टाकली आणि दुसऱ्याच दिवशी सिंहगडावर गेले. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण नऊ किलोमीटरचा चढ. पहिल्या खड्या वळणावर सीटवरून उठून जोर लावला आणि 'खाट्!' चेन दातावरून उडाली, गुडघा हँडलवर. पुन्हा जोर लावला, पुन्हा खाट्. वरून उतरणारे एक काका म्हणाले, "नवीन चेन, जुनी कॅसेट?" न थांबता, न वळता. (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा.) डॉक्टरसुद्धा इतकं झटपट निदान करत नाहीत.

झालं होतं असं. चेन 'ताणली' जाते असं आपण म्हणतो, पण लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते. शंभरावर सांधे, म्हणजे एकूण फरक बराच. अशी लांबलेली चेन कॅसेटच्या दातांनाही आपल्या मापाने झिजवते. मग नवी, अचूक मापाची चेन त्या झिजलेल्या दातांवर बसत नाही, जोर पडला की उडी मारते. चेनचे दोन हजार वाचवायला गेले आणि कॅसेटचे साडेचार घालवून बसले.

हे कळायला महागडं हत्यार लागत नाही. पोरांच्या कंपासपेटीतली नको, चांगली स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनेच्या मधोमध शून्य धरा. नव्या चेनचे चोवीस सांधे बरोबर १२ इंच भरतात, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. आता तुमची चेन मोजा. बाबांच्या भाषेत सांगायचं तर अर्धा सूत वाढलेली दिसली की अकरा किंवा बारा गिअरची चेन बदलायची वेळ झाली. एक सूत वाढली असेल तर कॅसेटचेही पैसे बाजूला काढा. आठ सुतांचा एक इंच, हे आता कुणाला शिकवत नाहीत, म्हणून लिहिलं.

सफाईची माझी पद्धत अगदी गावठी आहे. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात थोडं डिझेल. चेन सोडवून त्यात हलवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, मग भांड्यांच्या साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची. मग रात्री निवांत बसून प्रत्येक सांध्यावर एक थेंब तेल. एकच. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. ही शेवटची पायरी नव्वद टक्के लोक गाळतात, आणि मग बाहेरच्या तेलावर सिंहगड रोडची धूळ बसून तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते. तेल पिनेजवळ, आत हवं. पावसातून आलात तर त्याच दिवशी पुसा. कितीही दमला असाल तरी. आंघोळ नंतर.

दुकानात एकदा मी हे सगळं बोलत होते तर मेकॅनिक माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला समजावत होता. नवरा बिचारा रिक्षाशिवाय कशात बसत नाही. "ताई, तुम्ही कशाला हात काळे करता?" असंही वर. त्या दिवसापासून पेडल, ब्रेक पॅड, केबल सगळं घरी. पेडलवरून आठवलं, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे मला माहीत होतं. तरी सायकल उलटी ठेवल्यावर गोंधळ झाला, मी जीव खाऊन आवळत राहिले, पाना सटकला आणि चेनरिंगने, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकतीने, बोटांची सालं काढली. खूण अजून आहे. चाकाचा आऊट (डगमगणारं चाक सरळ करणं) आणि हायड्रॉलिक ब्रेक मात्र मी आजही दुकानातच नेते, तेवढी अक्कल आली आहे.

१९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफ नावाच्या फ्रेंच रायडरच्या सायकलचा पुढचा चिमटा टुर्माले घाटात मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. गडी सायकल खांद्यावर टाकून काही किलोमीटर डोंगर उतरला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि पंचांच्या नजरेखाली स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. एक पोरगा भाता मारत होता, म्हणून बाहेरची मदत घेतल्याचा दंड लागला! नियम जुलमीच होता, माझं काही दुमत नाही. पण आजही ब्रेव्हेमध्ये, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, अशा ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइडमध्ये, चेकपोस्ट सोडून मधल्या वाटेवर स्वतःची मदतगाडी चालत नाही. रात्री अडीचला घाटात ट्यूब बसली तर कॅब येत नाही हो.

आणि हवा! कृपया टायर दगडासारखे टणक करू नका. माझं वजन ६२ किलो. पूर्वी २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय भरून मी धन्य व्हायचे आणि घरी येऊन कंबर शेकायचे. आता २८ चे टायर आणि ७० पीएसआय. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतो, आणि त्या उड्यांत आपलीच ताकद जाते. टूर द फ्रान्समधले रायडरही आता २८ आणि त्याहून रुंद टायर लावतात, त्यांच्याकडे तर आपल्यासारखे स्पीडब्रेकर नाहीत. नवी सायकल घेणार असाल तर कार्बनच्या आधी एवढंच विचारा, हिच्यात ३० चा टायर बसेल का?

खडकवासल्याच्या त्या मुलाचा काल मेसेज आला. चेन सोडवलीय, पण क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची कडी, परत लागत नाही म्हणाला. (लिंक वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक दाबायचा, पेडलवर जोर द्यायचा, टक् होतं.) येत्या रविवारी राइडनंतर आमच्या पार्किंगमध्ये तो आणि अजून तिघं येणार आहेत. ओळखीच्यांपैकी कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. येताना जुना बनियन फाडून आणा. श्रीखंडाचे डबे माझ्याकडे ढीगभर आहेत, डिझेल ज्याचं त्याने आणायचं.